पाचवीच्या रात्रीची फाइल

१

दुपारी साक्षी झोपली की माझी नोकरी सुरू होते. तिची झोप जेवढी, तेवढी माझी नोकरी. कंपनी पुण्याची, मी लातूरला, औसा रोडच्या मागच्या गल्लीत, कूलरसमोर बसलेली. मांडीवर लॅपटॉप आणि डाव्या हातात पाळण्याची दोरी. मॅनेजरला वाटतं मी दोन्ही हातांनी टाइप करते. त्यांचा गैरसमज मी अजून दूर केलेला नाही.

काम तसं कंटाळवाणं आहे. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर फॅट मोजायची मशिनं असतात, त्यांच्या आतला प्रोग्राम आम्ही सांभाळतो. जुन्या मशिनांचा प्रोग्राम ज्याने लिहिला तो कंपनी सोडून गेला आणि त्याने लिहिलेला मूळ मजकूर कुणाला सापडत नाही. उरल्यात नुसत्या ऑब्जेक्ट फाइली. म्हणजे माणसाने लिहिलेली ज्वारी कंपायलरने दळून झाल्यावरचं पीठ. ते पीठ चाळून ज्वारी कशी होती ते मी सांगायचं. त्यासाठी टर्मिनलवर दोन-चार कमांडी आहेत. ‘एनएम’ म्हटलं की फाइलीत कोणकोणत्या फंक्शनांची नावं आहेत ते दिसतं. ‘ऑब्जडम्प’ म्हटलं की आतल्या सूचना एकीखाली एक उलगडतात.

एक गोष्ट आधीच सांगते, नाहीतर पुढचं सगळं माझ्या डोक्यातलं वाटेल. तसं ते तरीही वाटेल म्हणा. एक फंक्शन दुसऱ्याला हाक मारतं तेव्हा त्या हाकेत दुसऱ्याचा पत्ता लागतो. पण ऑब्जेक्ट फाइल हा मधला मुक्काम. तिथं पत्ता अजून ठरलेला नसतो. म्हणून कंपायलर पत्त्याच्या जागी शून्यं ठेवतो आणि शेजारी फक्त नाव लिहितो. पुढं लिंकर नावाचा दुसरा प्रोग्राम येतो, सगळ्या फाइली जोडतो आणि शून्यांच्या जागी खरे पत्ते भरतो.

तोवर शून्यं. शून्यंच असायला हवीत.

त्या दुपारी मी फोल्डरमधल्या सगळ्या फाइलींवर एनएम चालवलं. दुधाची नावं आली: फॅट, वजन, डिग्री, छपाई. आणि शेवटी एका फाइलीत, त्या सगळ्यांशी काही संबंध नसलेलं, रोमन अक्षरांत एक नाव.

साक्षी.

२

पहिला संशय अर्थात भागवतवर. माझा नवरा औशाला डाळ मिलमध्ये हिशेब बघतो आणि घरात थट्टा करतो. संध्याकाळी आला तसं विचारलं, “अहो, माझ्या लॅपटॉपमध्ये साक्षीच्या नावानं काही केलंत का?”

“मला त्यात गाणी लावता येतात,” तो बूट काढत म्हणाला, “ती बी एकदा लावली तर तू आठवडाभर बोलली न्हाईस.”

फाइलीची तारीख पाहिली होती मी. ती मी त्याला सांगितली नाही. साक्षीच्या पाचवीची तारीख होती.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या निलंग्याच्या. पाचवीला त्यांनी गावाकडून आणलेला दगडी पाटा कोपऱ्यात मांडला, हळदीकुंकू वाहिलं, वरवंट्याला झबल्याचं कापड नेसवलं, दिवा लावला. मग म्हणाल्या, “कोरा कागद आन् पेन द्या. ती येती, लिहिती, जाती. आपण बघायचं न्हाई.”

कागद मिळाला, पेन मिळेना. जो मिळाला तो वाळलेला. भागवत म्हणाला, “आई, सटवाईला आता टायपिंग येतं,” आणि माझा लॅपटॉप उघडून, कोरी फाइल लावून पाट्यापुढं ठेवला. आत्या हसल्या. बाजेवर पडल्या पडल्या मीही हसले, टाके दुखले तरी. सकाळी बॅटरी संपलेली होती. मी लॅपटॉप चार्जिंगला लावला, विषय संपला. आत्या एवढंच म्हणाल्या की आमच्यात तो कागद नदीला सोडतात, लिहिणारीला वाट मोकळी करून द्यावी लागते. भागवत म्हणाला, लॅपटॉप मांजरा नदीत सोडला तर कंपनी आपल्याला सोडंल.

हे सगळं आठवून मी स्वतःला समजावलं, की कूलरच्या वाऱ्याने उदबत्तीचं काहीतरी कीबोर्डवर पडलं असेल, काहीतरी आपोआप दाबलं गेलं असेल. दाबलं गेल्याने कंपायलर चालत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी समजावलं.

पण एक अडचण राहत होती. पाचवीला तिचं नाव ठरलं नव्हतं. आम्ही ‘ईश्वरी’ म्हणत होतो. बारशाला नणंदेने कानात ‘साक्षी’ सांगितलं तेव्हा माझं तोंड उतरलं होतं, सगळ्यांनी पाहिलं. त्या आधी ते नाव या घरात कुणी उच्चारलंही नव्हतं.

३

दुसऱ्या दुपारी मी ऑब्जडम्प केलं. करायला नको होतं, हे आता लिहिणं सोपं आहे.

आत एकच फंक्शन, साक्षी नावाचं. त्यात एकापाठोपाठ एक हाका. प्रत्येक हाकेशेजारी नाव, रोमन अक्षरांत पण आपलंच: पालथी. दात. ताप. बसणं. रांगणं. उंबरा.

मी हसले. बाळाच्या वाढीचा तक्ता, सरकारी दवाखान्याच्या कार्डावर असतो तसा. कुणीतरी प्रेमाने केलेली गंमत. मग पत्ते पाहिले. ताप, बसणं, रांगणं, उंबरा, सगळीकडे शून्यं होती, असायला हवीत तशी. पालथी आणि दात या दोन हाकांत मात्र शून्यं नव्हती. पत्ते भरलेले होते.

साक्षी पालथी पडून बरेच दिवस झाले होते. खालचा दात आदल्याच आठवड्यात लुकलुकला होता.

आणखी दोन गोष्टी दिसल्या. दोन्ही मी पाहिल्या आणि दोन्हींना कारण शोधलं. एक म्हणजे, प्रत्येक हाकेआधी एक सूचना होती, हे कुणाबद्दल आहे ते सांगणारी. तिथं दर वेळी साक्षीचा पत्ता उचलून एका ठरलेल्या जागी ठेवला होता. शेवटच्या हाकेआधी, उंबऱ्याआधी, ती सूचना नव्हती. मला वाटलं, कंपायलर काटकसरी असतो. आधीच ठेवलेलं पुन्हा कशाला ठेवील.

दुसरी गोष्ट म्हणजे, फंक्शनच्या शेवटी परतीची ओळ नव्हती. काम झालं की फंक्शन परत फिरतं, त्यासाठी शेवटी एक छोटी सूचना असते. इथं उंबऱ्याची हाक होती आणि मग फाइल संपत होती.

पाळण्याची कडी करकरत होती. माझ्या हातातली दोरी केव्हाची सुटून खाली पडली होती. पाळणा तरी हलत होता. बाळं हात-पाय हलवतात, पाळणा हलतो. मी उठून पाहिलं. साक्षी गाढ झोपली होती, मुठी मिटून.

४

ताप आला तो शुक्रवारी. डॉक्टर म्हणाले, हवा बदलती आहे, सगळ्या लेकरांना आहे. माझ्याकडे पाहून म्हणाले, “तुम्हीबी जरा झोप काढा, मॅडम.” साक्षी दोन दिवसांत खेळायला लागली. मी फाइल उघडली. तापाच्या हाकेतली शून्यं गेली होती.

मग मी रिजवानला फोन केला. रिजवान माझ्यासारखंच काम करतो, नांदेडला, घरूनच. त्याचे वडील खाजामियाँ खाली शिवणकामाचं दुकान चालवतात, त्यामुळे त्याच्या प्रत्येक फोनमागे शिलाई मशिनीची खडखड असते. मीटिंगमध्ये सगळे त्याला म्यूट हो म्हणतात. मला ती खडखड बरी वाटते. घरात माणसं आहेत असं वाटतं.

मी काहीच न सांगता फाइल पाठवली. म्हटलं, बघून सांग.

“ताई, ही दुधाची न्हाई,” तो थोड्या वेळाने म्हणाला. “कुनाची हाय?”

“तू सांग.”

“कोनत्या कंपायलरनं केली त्याची निशानी असती ना आत, ती न्हाई. तीन हाकांत पत्ते भरलेत. लिंक न करता पत्ते कसे भरले?”

“शेवट बघ.”

मशिनीची खडखड ऐकत मी थांबले.

“रिटर्न न्हाई,” तो म्हणाला. “म्हंजे कंपायलरला म्हाईत हाय का हे शेवटचं फंक्शन वापस येनार न्हाई. मग कशाला लिहील? असं आपल्याकडं एकच असतं ताई. एक्झिट. प्रोग्रामच बंद.” तो हसला. मग कदाचित त्याने फंक्शनचं नाव परत वाचलं असावं. “साक्षी म्हंजे तुमची पोरगी ना?”

मी हो म्हटलं. तो फार मऊ आवाजात म्हणाला, “काहीतरी चुकलं असंल. झोपत जा ताई.”

झोपेचा सल्ला मला तोवर इतक्या लोकांनी दिला होता की खरंच ती एखाद्या दुकानात मिळत असती तर मी आणली असती.

५

साक्षी बसली. मग एका सकाळी गादीच्या कडेला लोंबलेला माझा दुपट्टा धरायला ती पुढं झाली, आणि रांगली. आत्यांनी टाळ्या वाजवल्या. मी आत जाऊन फाइल उघडली आणि परत आले तेव्हा आत्या म्हणाल्या, “लेकरू पहिल्यांदा रांगलं आन् तू डबडं बघून राहिली.”

आता एकच हाक उरली होती.

भाड्याचं घर, सगळीकडे सपाट फरशी. खरा उंबरा एकच, पुढच्या दाराचा. आमच्याकडे लेकरू आपल्या पायाने-गुडघ्याने उंबरा ओलांडतं त्या दिवशी तिथं हळदीकुंकू लावून गल्लीत गूळखोबरं वाटतात. आत्यांनी खोबऱ्याची वाटी आणूनही ठेवली होती. दाराबाहेर बसून त्या दोन्ही हात पसरून म्हणत, “बा, बा.” कर्नाटकाची हद्द जवळ, निलंग्याकडे असं कानडीतच बोलावतात लेकरांना, ये ये म्हणून. ‘बा’ म्हटलं की साक्षी दोन्ही हात वर करायची, मला उचला म्हणून. सगळ्यांसाठी नाही. ओळखीच्यांसाठीच.

मी धावत जाऊन तिला उचलायची.

“अगं ओलांडू दे की. बाहेर काय वाघ हाय?”

“गाड्या असतात आत्या.”

“गल्लीत कुठल्या गाड्या. गुंडप्पाची सायकल. ती बी पंक्चर.”

लशीला नेताना मी तिला कडेवर घेऊन उंबरा ओलांडला. घरी येऊन पाहिलं तर शून्यं तशीच. म्हणजे उचलून नेलेलं चालत होतं. तिनं स्वतः ओलांडायचं नव्हतं. एवढं कळल्यावर मला जवळजवळ आनंद झाला. नियम कळला की निम्मं काम होतं, असं मी नव्या मुलांना शिकवते.

मी दारात स्टूल आडवा टाकला, साक्षीने तो सरकवला. उशा रचल्या, ती त्यावर चढली. शेवटी कोपऱ्यातला दगडी पाटा ओढत आणला आणि उंबऱ्यात उभा करून चौकटीला टेकवला. तो हलवताना माझी कंबर धरली. लेकराच्याने तो हलणं शक्य नव्हतं.

आत्या बाहेरून आल्या तशा दाराशी उभ्या राहून त्याकडे बघत राहिल्या. या खेपेला टोमणा आला नाही.

“पाटा कोण उंबऱ्यात ठेवतं का, ज्योत्स्ना,” त्या म्हणाल्या. “त्याची पूजा झाली हाय.”

“मग काय झालं?”

“काय न्हाई,” त्या म्हणाल्या आणि पदर सावरून त्याला न शिवता, पाय उंच उचलून आत आल्या.

संध्याकाळी भागवत पाटा ओलांडून आत आला. जेवताना हळूच म्हणाला, “लातुरात चांगले डॉक्टर हायेत. आपण दोघं मिळून जाऊ. म्या बी दाखवतो माझं डोकं, म्हंजे तुला एकटं वाटायचं न्हाई.” त्याला वाटलं मी हसेन. मी हसलेही. पण तो बोलताना माझं लक्ष दाराकडे होतं आणि त्यानं ते पाहिलं.

लेकराला उंबऱ्यापासून किती दिवस अडवणार? शाळेत पाठवणार की नाही? लग्न? मी उत्तरं शोधत नव्हते. आजचा दिवस गेला, एवढंच रोज मोजत होते. उद्या ती थोडी मोठी होणार होती, आणि परवा आणखी थोडी.

६

मी फाइल पुसली. हे आधी का केलं नाही, असं कुणीही विचारेल. भीती होती. आतलं काही पुसलं गेलं तर बाहेरचं काय पुसलं जाईल, ते ठाऊक नव्हतं. पण त्या दिवशी साक्षी पाट्याला धरून उभी राहिली आणि त्याच्यावरून बाहेर पाहू लागली. मग मी पुसली. फोल्डर पाहिलं, गेली होती. साक्षी मागे वळून माझ्याकडे बघून हसली, दोन दातांनी.

रिजवानला निरोप टाकला, तुझ्याकडचीही पुसून टाक.

त्याचं उत्तर आलं: पुसतो ताई. मग थोड्याने आणखी एक: दोनदा पुसली. पुन्हा दिसून राहिली. बघतो.

७

आज नळाला पाणी आलंय. लातूरला पाणी येतं त्या दिवशी बाकी सगळी कामं थांबतात. आत्या गच्चीवर टाकीजवळ पाइप धरून, खाली मोटरचा घूं घूं आवाज. साक्षी चटईवर वाट्या आपटत होती. मी तिच्या पाठीशी भिंतीला टेकून, लॅपटॉप मांडीवर, दुधाची फाइल उघडून बसले होते. दार उघडं, कारण बंद केलं तर आतल्या खोलीत भट्टी होते. पाटा उंबऱ्यात उभा होता. मी पाहिला होता, एकदा नाही, दर थोड्या वेळाने.

फोन आला. रिजवान.

“ताई,” तो म्हणाला. त्याच्यामागे मशिनीची खडखड नव्हती. “पोरगी कुठं हाय?”

“समोर. का?”

“नीट बघा. कुठं हाय?”

“समोर आहे, रिजवान. चटईवर. खेळतेय.”

“उंबऱ्याजवळ न्हाई?”

“नाही.”

“भरलंय ताई. आत्ताच. माझ्या डोळ्यासमोर. शून्यं होती आन् माझी पापणी लवली...”

“ती इथंच आहे,” मी म्हटलं. माझा आवाज मला ओळखू आला नाही, इतका हलका झाला होता. “ती इथंच आहे, तिनं नाही ओलांडला. म्हणजे ते खोटं होतं. कळतंय का तुला? सगळं खोटं होतं.”

रिजवानने पलीकडे कीबोर्डवर काहीतरी दाबलं. मग म्हणाला, “ताई, त्या हाकेआधी नाव न्हाई.”

“कसलं नाव?”

“कोन ओलांडतंय ते. बाकी सगळ्यात साक्षी ठेवलंय. याच्यात ठेवलंच न्हाई.”

मी पाहिलं होतं ते. काटकसर म्हणून सोडून दिलं होतं. आणि एक हाक होऊन गेली की त्या जागी काय उरतं त्याचा भरवसा नाही, दुसऱ्याच कुणाचंही असू शकतं, तिथलं आधीचं आहे असं कधी धरू नका. हेही मी नव्या मुलांना शिकवते. पहिल्याच आठवड्यात.

मोटर चालू होती. वाट्यांचा आवाज थांबला होता.

मी दाराकडे पाहिलं. पाटा उभा नव्हता. उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, फरशीवर, आडवा होता. पडलेला नाही. पडला असता तर फरशी फुटली असती, गल्ली गोळा झाली असती. तो मांडल्यासारखा होता, सरळ, पाचवीला आत्यांनी मांडला होता तसा.

“ताई?” फोनमधून आवाज येत होता. “ताई, बोला.”

साक्षीची माझ्याकडे पाठ होती. ती दाराकडे बघत नव्हती. दाराच्या अलीकडे, चटईच्या टोकाशी, थोडं वर बघत होती. एखादं मोठं माणूस जवळ येऊन वाकतं तेव्हा लेकरू बघतं तेवढं वर.

तिनं हातातली वाटी खाली ठेवली आणि दोन्ही हात वर केले.

‘बा’ कुणी म्हटलं नव्हतं. मला तरी ऐकू आलं नव्हतं.